निसर्गवर्णनाकडून पर्यावरणाकडे

१

'पर्यावरण' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, तो अलीकडचा आहे याचेही विस्मरण व्हावे. 'परि' आणि 'आवरण' या दोन पदांपासून तो सिद्ध झाला असून भोवतालचे आवरण हा त्याचा सरळ अर्थ होय. या घडणीतच एक गृहीत दडलेले आहे. आवरण म्हटले की आवृत होणारे काहीतरी मध्यभागी असावे लागते. आणि ते मध्यभागी बसलेले दुसरेतिसरे कोणी नसून मनुष्यच होय, हे कोणी न सांगताच मान्य केले जाते. शास्त्राने मात्र ही मध्यवर्ती बैठक केव्हाच मोडून काढली. अर्न्स्ट हेकेल याने १८६६ मध्ये सजीवांच्या परस्परसंबंधांच्या शास्त्राला नाव दिले, ते 'घर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुढे १९३५ मध्ये आर्थर टॅन्सली याने परिसंस्थेची कल्पना मांडली, तीत माती, पाणी, वनस्पती, प्राणी आणि हवा ही सारी एकाच व्यवस्थेची अंगे ठरली. या व्यवस्थेत मनुष्याला स्थान आहे, सिंहासन नाही. शास्त्र असे पुढे गेले, शब्द मात्र मागेच राहिला. आणि साहित्याची समीक्षा बहुधा शब्दाबरोबर राहिली, शास्त्राबरोबर गेली नाही.

पर्यावरणाच्या अभ्यासाला आपल्या देशात जी अधिकृत प्रतिष्ठा लाभली तिचा इतिहास फार जुना नाही. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. १९७६ मधील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण व नागरिकाचे कर्तव्य म्हणून संविधानात नमूद झाले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा आदेश दिला. आणि त्याच आदेशाच्या पाठपुराव्यातून विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ च्या सुमारास पदवीच्या सर्व शाखांसाठी एक अभ्यासक्रम सिद्ध केला. त्या अभ्यासक्रमाचे पहिले प्रकरण या विषयाचे बहुशाखीय स्वरूप, त्याची व्याप्ती आणि त्याचे महत्त्व यांविषयी आहे. पुढील प्रकरणे नैसर्गिक संपत्ती, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या आणि प्रत्यक्ष क्षेत्रभेट अशा क्रमाने येतात. बहुशाखीयतेचा एवढा उच्चार होऊनही साहित्य ही शाखा तेथे कोठे दिसत नाही. याचा दोष केवळ अभ्यासक्रम आखणाऱ्यांवर टाकणे न्याय्य होणार नाही. ज्या शाखेने आपला हक्कच सांगितला नाही, तिला वाटा कोणी द्यावा? साहित्यसमीक्षेपाशी या विषयात देण्यासारखे काय आहे, हा प्रश्न म्हणून समीक्षेनेच स्वतःला विचारला पाहिजे.

२

निसर्गाकडे पाहण्याची आपली परंपरागत समीक्षादृष्टी दोन वाटांनी आली आहे. दंडीने महाकाव्याचे लक्षण सांगताना नगर, सागर, पर्वत, ऋतू, चंद्रोदय व सूर्योदय यांची वर्णने त्यात असावीत असे म्हटले. येथे निसर्ग हा काव्याचा अलंकार झाला. रससिद्धांताने त्याला उद्दीपन विभावांत जागा दिली. नायकनायिकेच्या मनातील भाव चेतवणे हे चंद्राचे, वसंताचे आणि मलयवायूचे काम ठरले. इंग्रजी शिक्षणानंतर या विचाराला पाश्चात्त्य विचाराची जोड मिळाली. मनुष्याच्या भावना अचेतनावर लादण्याच्या वृत्तीला रस्किनने १८५६ मध्ये दोष म्हणून नाव दिले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याच वृत्तीला चेतनगुणोक्ती म्हणून गौरविले. दूषण असो वा भूषण, दोन्ही ठिकाणी निसर्ग हा मानवी मनाचा आरसाच राहिला. आरशाला स्वतःचे असे काही असते, याचा विचार कोणी करीत नाही.

या दृष्टीचा परिणाम वाचनावर झाल्यावाचून राहिला नाही. कवीची 'निसर्गवर्णने' वेचून त्यांची यादी करावी, प्रत्येकीतील उपमा दाखवाव्यात आणि शेवटी कवी निसर्गप्रेमी असल्याचा दाखला द्यावा, ही परीक्षार्थी पद्धत समीक्षेतही शिरली. वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात तुकोबांच्या एका अभंगाचा आरंभ उच्चारला जातो. तो अभंग वस्तुतः एकांतातील साधकाचा, स्वतःशीच चाललेल्या वादसंवादाचा आहे, हे त्या समारंभात कोणाच्या ध्यानी येत नाही. चरण घोषवाक्य झाला आणि अभंग हरवला. निसर्गावरील प्रेमही अशा वेळी वाचनाच्या आळसाला निमित्त होते.

परंतु आपल्याच परंपरेत वेगळी वाट दाखविणारे ग्रंथ नव्हते असे नाही. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती' हा हालाच्या नावावर असलेला संग्रह या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये तो मराठी वाचकांपुढे साक्षेपाने ठेवला. या गाथांत एक प्रसंग वारंवार भेटतो: पीक पिकते, कापणी होते, आणि शेताच्या आडोशाने भेटणाऱ्या प्रेमिकांचे संकेतस्थळ नाहीसे होते. येथे शेत भाव चेतवीत नाही. ते भेट शक्य करते आणि मग अशक्य करते. कापणी ही शेतकऱ्याच्या घरी आनंदाची आणि त्या तरुणीच्या मनात विरहाची घटना आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच विळ्याने घडतात. श्रम, ऋतू आणि प्रेम यांची ही गुंतवण उद्दीपनाच्या चौकटीत मावत नाही. त्यासाठी दुसरी चौकट हवी.

३

ती चौकट शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांत पर्यावरणीय समीक्षेला विल्यम रूकर्ट याने १९७८ मध्ये नाव दिले आणि १९९६ मध्ये ग्लॉटफेल्टी व फ्रॉम यांच्या संपादित ग्रंथाने तिला शिस्त प्राप्त झाली. परंतु प्राचीन तमिळ काव्यशास्त्राने याच्या कितीतरी शतके आधी भूमी आणि भाव यांचा संबंध शास्त्रबद्ध केला होता. 'तोल्काप्पियम्' या ग्रंथात मांडलेली 'तिणै'ची कल्पना ती हीच. डोंगराळ प्रदेश कुरिंजी, वन व कुरणांचा प्रदेश मुल्लै, नदीकाठच्या शेतांचा मरुतम्, समुद्रकाठचा नेय्दल आणि रखरखीत प्रदेश पालै अशी पाच भूभागांची नावे आहेत. प्रत्येकाला स्वतःचा ऋतू, प्रहर, वनस्पती, पशुपक्षी, दैवत, वाद्य व व्यवसाय आहे, आणि त्या साऱ्यांबरोबर येणारा एक भाव आहे: मिलन, प्रतीक्षा, रुसवा, व्याकुळता, वियोग. ए. के. रामानुजन यांनी १९६७ मध्ये या कवितांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केल्यावर तमिळबाहेरच्या वाचकांचे लक्ष या व्यवस्थेकडे गेले. पुढे निर्मल सेल्वमणी यांनी तिणैच्या आधारे पर्यावरणीय समीक्षेची मांडणीही केली. अलंकार किंवा आरसा या दोन्ही भूमिका येथे निसर्गाला नाहीत. भाव आणि भूमी यांतले एक आधी व दुसरे मागून असा क्रमच येथे नाही.

या व्यवस्थेतील एक सूक्ष्म गोष्ट विशेष मोलाची आहे. 'शिलप्पदिकारम्' या महाकाव्यात असे सांगितले आहे की, पालै हा स्वतंत्र भूभाग नव्हे. उन्हाच्या तापाने मुल्लै आणि कुरिंजी आपला स्वभाव गमावतात तेव्हा त्यांचेच पालै होते. म्हणजे वैराण भूमी ही मुळातली नसते, ती होते. जिच्यावर हे ओढवते ती काल कुरण होती.

हे सूत्र हाती घेऊन व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचली म्हणजे या कादंबरीचे काही नवेच अंग दिसू लागते. औंध संस्थानातील एका धनगरवस्तीवर तरुण शिक्षक येतो, वाडीत मुरतो, दुष्काळ पडतो, माणसे मेंढरांसह परागंदा होतात आणि ओस वाडीतून शिक्षकही निघतो, असे तिचे स्थूल कथानक आहे. समीक्षेने तिला ग्रामीण साहित्यातील मानदंड म्हणून गौरविले, तिच्यातील व्यक्तिरेखांची प्रशंसा केली. ते सर्व यथार्थ आहे. तथापि दुष्काळाविषयी बोलताना समीक्षा बहुधा त्याला कथेचा शेवट घडवून आणणारी आपत्ती मानते, जणू तो बाहेरून आला. वास्तविक माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश आहे. तेथे अवर्षण हा पाहुणा नव्हे, घरचाच आहे; तो केव्हा येतो एवढाच प्रश्न. कादंबरीतील माणसांना हे ठाऊक आहे. त्यांचे अल्पभाषीपण, त्यांची सावध माया, मेंढरांशी असलेले त्यांचे नाते, सारे या ज्ञानातून आलेले आहे.

तमिळ काव्यशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर बनगरवाडी हे मुल्लै आहे: कुरणाचा प्रदेश, पशुपालकांची वस्ती. मुल्लैचा भाव प्रतीक्षेचा आणि तिचा ऋतू पावसाचा. प्राचीन कवितेतील स्त्री पावसाबरोबर परतणाऱ्या पतीची वाट पाहते. येथे सबंध वाडी पावसाचीच वाट पाहते. पाऊस येत नाही. कुरण करपते, मुल्लैचे पालै होते, आणि पालैचा जो भाव, वियोग, तो घराघरांतून उतरतो. माणसे एकेक करून निघून जातात तेव्हा लेखक आक्रोश करीत नाही. भूमीचा स्वभाव पालटला की भाव पालटणारच, इतक्या शांतपणे तो हे सांगतो. या संयमाला आजवर शैलीचा गुण म्हटले गेले. तो केवळ शैलीचा नाही. तो भूमीविषयीच्या ज्ञानाचा आहे. माडगूळकरांनी तिणैचा अभ्यास केला होता असा येथे दावा नाही, आणि तसा तो करण्याची आवश्यकताही नाही. एकाच देशातील दोन भाषांना भूमी आणि भाव यांचे एकच नाते दोन वेगळ्या काळांत उमगले, ही गोष्ट प्रभावापेक्षा अधिक मोलाची आहे. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाला एक भक्कम पाया यात मिळू शकतो.

४

पर्यावरणाच्या अभ्यासाला साहित्य जे देऊ शकते त्यात पहिले स्थान शब्दांचे आहे. भाषांतर करणाऱ्याला याची प्रचीती पदोपदी येते. 'बनगरवाडी'चे राम देशमुख यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ, ज्या गावाला तटबंदी नव्हती असे गाव. मूळ नावात एक कूळ आणि त्याची वस्ती आहे; भाषांतरित नावात एक अभाव आहे. परक्या वाचकासाठी असा बदल करावा लागतो हे खरे. पण नावातून कूळ वजा झाले म्हणजे माणूस आणि जागा यांना बांधणारा धागाही सुटतो.

'माळ' या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. माळ, मुरमाड, कुरण, गायरान, खाजण, सडा, देवराई या शब्दांतला प्रत्येक शब्द जमिनीची एक जात सांगतो आणि तिच्यावर कोणाचा कसला हक्क चालतो तेही पुष्कळदा सांगतो. महसुली दप्तराने यांपैकी कित्येकांना 'पडीक' या एकाच सदरात टाकले, कारण त्यांतून सारा येत नव्हता. ज्या माळावर धनगराची मेंढरे जगत होती, जेथे लांडगा, चिंकारा आणि माळढोक नांदत होते, तो माळ कागदावर निरुपयोगी ठरला. माळढोक या पक्ष्याने तर आपले घर नावातच वागविले आहे. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. गवताळ प्रदेश हीही एक परिपूर्ण परिसंस्था असते, तिच्यावर झाडे लावणे म्हणजे तिची सुधारणा नव्हे तर कित्येकदा तिचा नाश होय, असे परिस्थितिशास्त्र आता सांगते. शब्द जपला असता तर हे ज्ञानही जपले गेले असते.

'जंगल' या शब्दाची कथा याहून विलक्षण आहे. आयुर्वेदाच्या संहितांत भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार केले आहेत. त्यांतील जांगल म्हणजे विरळ वृक्षांचा, थोड्या पाण्याचा, कोरडा, मोकळा प्रदेश. दाट झाडीचा व पाणथळ तो आनूप. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच पंडिताने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भेदाचा सविस्तर विचार केला आहे. आज मराठीत आणि इंग्रजीतही 'जंगल' म्हणजे निबिड अरण्य. शब्दाचा अर्थ असा उलटा झाला की, संहितांच्या दृष्टीने जो माणदेश जांगल ठरावा, त्याच्याविषयी आजचा मनुष्य 'तेथे जंगल नाही' असे सहज म्हणतो. अर्थांतराचा असा अभ्यास भाषाशास्त्राचा खरा. पण ज्या माळाचे भवितव्य या एका शब्दावर ठरते त्याच्या दृष्टीने तो पर्यावरणाचाही अभ्यास होय.

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) याच कारणासाठी ललितनिबंधाच्या कप्प्यात बंद करून ठेवता येत नाही. चैत्रापासून एकेक महिना घेऊन झाडे, पाने, फुले, पाखरे आणि आकाश यांच्यातील बदल त्यांनी टिपले. त्यात झाड हे लेखिकेच्या मनःस्थितीचे निमित्त नाही. त्याला स्वतःचा काळ आहे, आणि लेखिका त्या काळाची पाहुणी आहे. हवामान पालटत असताना असे ग्रंथ पूर्वीच्या ऋतूंची स्मृती जतन करतात. त्यांना शास्त्रीय नोंदवहीची जागा देणे चुकीचे होईल. पण नोंदवही जे सांगू शकत नाही, म्हणजे ऋतू पाहणारी नजर कशी होती, ते हेच ग्रंथ सांगतात.

५

येथवर पर्यावरणाचा विचार माळ, कुरण आणि ऋतू यांच्या आधाराने झाला. तेवढ्यावरच थांबल्यास अभ्यासाची व्याप्ती संकुचित होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे अन्याय्य होईल. गावाचे पाणी सर्वांसाठी सारखे कधीच नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ही घटना सामाजिक इतिहासात जशी युगप्रवर्तक आहे तशीच पर्यावरणाच्या इतिहासातही मूलभूत आहे. पाणी स्वच्छ आहे की अस्वच्छ, पुरेसे आहे की अपुरे, हे प्रश्न शास्त्र विचारते. ते कोणाला शिवू दिले जाते, हा प्रश्न त्या तळ्याने विचारला. निसर्गरम्य खेड्याचे चित्र रंगविणारी समीक्षा हा प्रश्न टाळत आली आहे.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने मनात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमची परिषद भरली. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. या तिन्हींना जोडणारा कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. पण तिन्ही एकत्र पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. परिषदेच्या भाषेत प्रदूषण ही मोजण्याची वस्तू होती. ढसाळांच्या कवितेत घाण, गटार आणि कुजणे ही माणसांची राहण्याची जागा होती. शहराने जे टाकून दिले त्यातच ज्यांना जगावे लागले त्यांचेही ते पर्यावरणच होय. या कवितेला निसर्गवर्णनाच्या मापाने मोजले तर ती शून्य भरते. पर्यावरणाच्या मापाने मोजली तर मराठीतील फार थोड्या कविता तिच्या बरोबरीला येतील. मापच बदलले पाहिजे, याला याहून सबळ पुरावा नको.

६

यावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे, आणि तो हलका नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाच्या कर्त्याने, बा. सी. मर्ढेकरांनी, कलाकृतीचे मूल्य तिच्या अंतर्गत लयीत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल यांच्या रचनेत शोधले. या विचारात वाढलेला समीक्षक विचारील की, पावसाचे मान, जमिनीचा पोत आणि पाण्यावरचा हक्क यांचा कलाकृतीच्या गुणवत्तेशी काय संबंध? साहित्याला पुन्हा एकदा समाजशास्त्राचे वा भूगोलाचे परिशिष्ट करावयाचे आहे काय?

हा धोका खरा आहे. साहित्यकृतीतून दुष्काळाची आकडेवारी काढू पाहणारी समीक्षा, किंवा चांगला हेतू दिसताच दुबळ्या कवितेला शंभर गुण देणारी समीक्षा, दोन्ही त्याज्य आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्याच 'सत्तांतर' (१९८२) या कादंबरीचे उदाहरण घ्यावे. वानरांच्या टोळीत नवा नर सत्ता बळकावतो आणि आधीच्या नराची पिल्ले मारतो, या घटनेची नोंद सुगियामा यांनी धारवाडजवळ १९६० च्या दशकात केली आणि सॅरा हर्डी यांनी १९७७ मधील ग्रंथात अबूच्या वानरांविषयी तिची चर्चा केली. शास्त्रीय सत्य कादंबरीत आहे म्हणून ती श्रेष्ठ ठरत नाही. ते सत्य निवेदनाचा वेग आणि कथेची रचना ठरविते, मानवी दयेची भाषा वापरण्याचा मोह लेखक टाळतो, आणि त्या टाळण्यातूनच वाचकाच्या मनात दया उत्पन्न होते, म्हणून ती श्रेष्ठ ठरते. 'बनगरवाडी'तही अवर्षण हे केवळ आशयाचे अंग नाही; प्रतीक्षा आणि वियोग यांचा जो विरोध व समतोल तिच्यात आहे, तो अवर्षणावाचून उभाच राहिला नसता. म्हणजे मर्ढेकरांच्या कसोटीवरही भूमी ही कलाकृतीच्या आतच सापडते, बाहेर नव्हे. लय आणि भूमी यांत विरोध मानणारा आक्षेप येथे स्वतःच निष्प्रभ होतो.

यावरून पर्यावरणाच्या अभ्यासाची व्याप्ती साहित्याच्या बाजूने कशी आखावी याची दिशा मिळते. जमीन, पाणी, वनस्पती व प्राणी यांच्यासाठी भाषेत असलेल्या शब्दांची आणि त्यांच्या अर्थांतरांची नोंद. भूमीचा स्वभाव कलाकृतीच्या घडणीत कसा उतरतो याचा शोध. आणि त्या भूमीवर, त्या पाण्यावर कोणाचा हक्क चालतो व कोणाचा नाकारला जातो याची न चुकता केलेली पृच्छा, ही त्याची तीन अंगे होत. यांपैकी पहिले कोशकाराचे व भाषांतरकाराचे काम आहे, दुसरे समीक्षकाचे आणि तिसरे दोघांच्याही सदसद्विवेकाचे. विद्यापीठांच्या अनिवार्य अभ्यासक्रमात विद्यार्थी परिसंस्थेची व्याख्या शिकतो, क्षेत्रभेटीला जातो, नदीकाठची घाण पाहून येतो. त्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या तासाला 'बनगरवाडी' वाचावी, आणि दोन्ही तास परस्परांना ओळखूही नयेत, ही आजची स्थिती आहे.

ती बदलण्यासाठी नवा विभाग स्थापण्याची गरज नाही. वाचण्याची रीत बदलली तरी पुष्कळ होईल. माळ हा शब्द कादंबरीत आला की समीक्षकाने तेथे क्षणभर थांबावे, तो कसला माळ, त्यावर काय उगवत होते, कोण चारत होते आणि आज तेथे काय आहे, एवढे विचारावे. ज्या भाषेत हे प्रश्न विचारले जातात तिच्यात माळ निदान शब्दरूपाने तरी जिवंत राहतो. आणि जो शब्द जिवंत आहे त्याच्यामागची जमीन 'पडीक' म्हणून कागदावर चढविणे पुढच्या पिढीला इतके सोपे जाणार नाही.